शून्यांची सही आणि आईचे बोंबील

माझे बाबा बँकेत सह्या तपासायचे. ते स्वतःला क्लार्क म्हणवत नाहीत, 'सहीवाला' म्हणवतात, आणि म्हणताना पाठ ताठ करतात. संगणक यायच्या आधी चेक आला की खातेदाराच्या नमुना सहीचं कार्ड काढायचं, चेकशेजारी ठेवायचं, एक डोळा बारीक करायचा आणि ठरवायचं, पास की परत. एकदा त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाचा चेक आला. सहीतली वेलांटी डळमळली होती. बाबांनी चेक परत पाठवला. काकांना ताप होता, हात थरथरत होता, हे सगळं नंतर कळलं. त्या दिवाळीला काका आमच्याकडे फराळाला आले नाहीत, आणि बाबा अजूनही म्हणतात की वेलांटी डळमळली होती ती डळमळलीच होती.

मीसुद्धा सह्याच तपासते, फक्त मला सही दिसत नाही. मोबाइलवर बोटाने गिरवलेलं नाव म्हणजे डिजिटल सही असं बऱ्याच जणांना वाटतं. ते नुसतं चित्र. खरी डिजिटल सही म्हणजे दोन लांबलचक आकडे. प्रत्येकाच्या फोनात एक गुप्त आकडा दडवलेला असतो. आपण ज्याला होकार देतोय तो मजकूर आणि हा गुप्त आकडा यांचं गणित करून ते दोन आकडे निघतात. तपासणाऱ्याकडे त्या गुप्त आकड्याचा जगजाहीर जोडीदार असतो. त्याने आपल्या बाजूने गणित करायचं, दोन्ही बाजू जुळल्या की हिरवी खूण.

हे गणित कुणी दर वेळी नव्याने लिहीत बसत नाही. तयार लिहिलेलं मिळतं, त्याला लायब्ररी म्हणतात. आमच्या नाक्यावर इडलीचं तयार पीठ मिळतं ना, तसंच. दळणारा एक, आणि इडल्या लावणारी शंभर घरं. पीठ बिघडलं तर शंभर घरांत इडल्या आंबट होतात आणि प्रत्येक घर आपल्याच कुकरला दोष देतं. माझं काम पिठात बोट घालून चव बघायचं. सह्या तपासणाऱ्या लायब्ररीत कुठे भोक आहे, कुठून खोटी सही आत शिरेल, ते शोधायचं. बाबा पाहुण्यांना सांगतात की आमच्या घराण्यात सह्या तपासायची परंपरा आहे. पाहुणे गेले की मला म्हणतात, दुसऱ्यांच्या चुका काढायचा तू पगार घेतेस, लहानपणी हेच काम फुकट करायचीस.

आता आईविषयी. आई मुर्ध्याची, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली. लग्न होऊन ती नवघरला आली, म्हणजे रूळ ओलांडून भाईंदर पश्चिमेकडून पूर्वेला. पण हे अंतर ती अशा आवाजात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई सातासमुद्रापार दिली. बाबा मुंबईतून इथे राहायला आलेले, त्यांना खाडीची ओळख फक्त वासापुरती. माहेरचं बाकी सगळं आईने हळूहळू सोडलं. बोलणं तेवढं सोडलं नाही, आणि मासळी सुकवणं.

आमची बिल्डिंग जुनी, चार मजल्यांची, गच्ची मात्र सढळ. पावसाळा सरला की मामा बोटीवरचे बोंबील आणि जवळा पाठवायचा. आई बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टांगायची आणि जवळा चादरीवर पसरायची. त्याच गच्चीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात चौथ्या मजल्यावरची गुजराती बेन पापड आणि खिचिया वाळवायची. ही बेन कांदा-लसूणसुद्धा खात नाही. तरी आई खाली गेली की नाकाला पदर लावून आईच्या बोंबलांवरचे कावळे हाकलायची. आणि आई बेनच्या पापडांच्या बाजूला पायसुद्धा ठेवायची नाही, तिचे हात मासळीचे म्हणून. वारा खाडीकडून येतो, म्हणून पापड पश्चिमेला आणि बोंबील पूर्वेला. पापडांवरून आलेला वारा बोंबलांवर जातो, बोंबलांवरून आलेला पापडांवर जात नाही. हा तह कुठल्या सभेत झाला नाही, पण तो कधी मोडलाही नाही. आमच्या सोसायटीत असा टिकलेला करार एवढा एकच.

बाकीचे करार बाबा करतात. निवृत्त झाल्यापासून ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि सभा चालवायची त्यांची एक पद्धत आहे. ठराव वाचायचा, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचं आणि विचारायचं, "कुणाचा विरोध नाही ना?" मग थोडं थांबायचं. त्याच वेळी दारातून समोसे आत येतात. ते कधी यायचे हे बाबांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. गरम समोसा समोर असताना विरोध करणारा माणूस आमच्या सोसायटीत अजून राहायला आलेला नाही. मग बाबा म्हणतात, "मंजूर," आणि वर 'मौनं संमतिलक्षणम्' हे सुभाषित ऐकवतात, कारण समोसा खाणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

घरातही तीच पद्धत. रविवारी आत्याकडे जातोय, कुणाचा विरोध नाही ना? हॉलला पिस्ता रंग देतोय, कुणाचा विरोध नाही ना? आई कणीक मळत असायची. कणीक मळणारी बाई समोसा खाणाऱ्याइतकीच गप्प असते. मंजूर. त्या पिस्ता रंगात मी दहावीचा अभ्यास केलाय, त्यामुळे या पद्धतीबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे.

दोनेक वर्षांपासून बेनच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. डांबर झालं, केमिकल झालं, तरी गळती होतीच. शेवटी अख्ख्या भाईंदरमध्ये जो उपाय करतात तोच बाबांनी काढला, गच्चीवर पत्र्याची शेड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्रा घातला की गळती बंद. ऊनही बंद. पण ठरावात गळतीचाच उल्लेख होता.

निम्मे सभासद आता इथे राहत नाहीत. कुणी विरारला, कुणी सुरतला, त्यांना सभेला आणायला समोसेही पुरत नाहीत. म्हणून बाबांनी एक ॲप घेतलं. फोनवर ठराव वाचायचा आणि तिथेच डिजिटल सही करायची, आणि सेक्रेटरीला नावांपुढे हिरव्या खुणा दिसणार. बाबांनी मला विचारलं नव्हतं. न विचारता सल्ला दिला तर ते नेमकं उलटं करतात, म्हणून मी गप्प बसले. ते मला खुशीत म्हणाले होते, "बघ, आता डोळा बारीक करायला नको. यंत्रच बघतंय."

घर आई-बाबा दोघांच्या नावावर असलं तरी पहिलं नाव आईचं आहे, आणि सोसायटीत पहिल्या नावाचंच मत धरतात. त्यामुळे आमच्या घराची सही आईची. बाबांनी तिच्या फोनवर ॲप टाकून दिलं, जेवताना ठराव वाचून दाखवला आणि विचारलं, "तुझा विरोध नाही ना?" आई भात वाढत होती. तिने बाबांना भात वाढला, मग वरण वाढलं, आणि आत निघून गेली.

मुदत संपली त्या दिवशी दुपारी मला बाबांचा फोन आला. मी मीरा रोडला राहते, त्यांच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, म्हणून ते एरवी फोन न करता थेट येतात. आज आवाज नुसता नाचत होता. शंभर टक्के संमती. एकूण एक सभासदाच्या नावापुढे हिरवी खूण. लोखंडी अँगल आजच येऊन जिन्याखाली पडलेत, सोमवारी कामाला सुरुवात. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तुझ्या आईनेसुद्धा केली गं. काही बोलली नाही, गुपचूप केली. मला वाटलं नव्हतं."

मला एकाच फोनमध्ये दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे शंभर टक्के. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी कुठल्या वारी धुवायची यावर कधी एकमत झालेलं नाही. आणि दुसरी म्हणजे आई. मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि रिक्षा पकडली.

घरी बाबा नव्हते, सभासदांना आनंदाची बातमी द्यायला मजले चढत होते. फ्रिज उघडला तर भाजीच्या कप्प्यात दुधी आणि मेथीच्या मधोमध मोगऱ्याचा गजरा होता. बाबांनी आणलेला, उघड होतं. आईने घेतला होता आणि भाजीत ठेवला होता. मी समजायचं ते समजले आणि गच्चीवर गेले.

आई दोरीवरचे बोंबील उतरवत होती. अजून पुरते वाळलेही नव्हते. मी विचारलं, आत्ताच का काढतेस, तर म्हणाली, "तुज्या मामाला सांगितलाय, आता नको पाठवू म्हणून." हे तिने भाजीवाल्याला कोथिंबीर नको म्हणावं तितक्या सहज सांगितलं, आणि मला एकदम रडू आल्यासारखं झालं. मी विचारलं, मग सही कशाला केलीस?

"मी न्हाय केली."

मी म्हटलं, हिरवी खूण आलीय. ती एकेक बोंबील सोडवून टोपलीत टाकत राहिली. मग बोलली, "फोन त्यांच्याकडंच व्हता दोन दिवस. त्यांना येतंय सगला." मी विचारलं, त्यांना काही विचारलंस का? तर म्हणाली, "काय विचारायचा?"

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. सख्ख्या भावाचा चेक एका वेलांटीसाठी परत पाठवणारा माणूस बायकोची सही करेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. पण फोन त्यांच्याकडे होता आणि शेड म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा कळस होता, आणि माझा धंदाच असा की त्यात विश्वास ठेवायचे पैसे मिळत नाहीत. खाली बाबा गजरा दिल्याच्या आनंदात होते, कारण त्यांना वाटत होतं बायकोने आपल्यासाठी गच्ची सोडली. वर आई बोंबील उतरवत होती, कारण तिला वाटत होतं नवऱ्याने आपली सही मारली. आणि इतक्या वर्षांच्या संसारात दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

बाबा खाली आले तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांना म्हटलं, तुमचं ॲप बघायचंय, सेक्रेटरीचा पासवर्ड द्या. त्यांनी तो कौतुकाने दिला. त्यांना वाटलं मी एकमताचं दर्शन घ्यायला आलेय. ॲपमध्ये सगळ्या सह्यांची नोंद उतरवून घ्यायची सोय होती. मी आईचं नाव शोधलं. बाबांनी आईच्या फोनवरून सही केली असती तर तिथे दोन लांबलचक आकडे असायला हवे होते.

तिथे शून्य होतं. दुसऱ्या जागीही शून्यच.

मी मोठ्याने हसले. इतक्या मोठ्याने की बाबांनी चहाचं आधण ठेवता ठेवता मागे वळून पाहिलं. फोन त्यांच्या हातात असो नाहीतर आणखी कुणाच्या, शून्यं कुणी सही करून निघत नाहीत. म्हणजे सही कुणीच केली नव्हती. मग मी बाकीची नावं बघितली. सुरतला गेलेल्यांच्या बंद घराची सही शून्य, शून्य. पहिल्या मजल्यावरचे आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या मुलांनी अजून घर नावावर केलेलं नाही, त्यांचीही सही शून्य, शून्य, पुढे हिरवी खूण. हयातीत जो माणूस बाबांच्या एकाही सभेला आला नव्हता, तो वरून होकार पाठवत होता. निम्म्या बिल्डिंगने काहीच केलं नव्हतं आणि सगळी संमत धरली गेली होती.

भोक साधं होतं. सहीचे आकडे शून्य नाहीत ना, हे गणिताच्या आधी तपासायचं असतं. ॲपवाल्यांनी जी लायब्ररी वापरली होती तिच्या जुन्या आवृत्तीत ही ओळ लिहायचीच राहून गेली होती. शून्याने कशालाही गुणा, शून्यच येतं. हा मजकूर असो नाहीतर तो, बाईची सही असो नाहीतर बुवाची, इकडे शून्य, तिकडे शून्य, जुळलं, हिरवी खूण. भल्याभल्यांच्या लायब्रऱ्यांत याआधी असं भोक सापडलंय, त्यामुळे मला फार हुशारी दाखवावी लागली नाही. ॲपवाल्यांनी आपल्या अकलेची त्यात आणखी भर घातली होती. मुदतीत ज्यांनी सही केली नाही त्यांची जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे शून्यं भरायची. एकाने रिकाम्या जागी शून्य लिहायचं आणि दुसऱ्याने शून्याला होकार समजायचं. म्हणजे बाबांची सभाच होती ती, फक्त समोसे नव्हते.

बाबांना मी हे समजावलं तर त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण हिरवी खूण आहे ना. मी परत समजावलं. ते म्हणाले, यंत्र उगाच हो म्हणेल का? आता मला राग आला. जो माणूस काकांच्या वेलांटीवर विश्वास ठेवत नव्हता, तो एका हिरव्या ठिपक्यावर आंधळा विश्वास टाकून बसला होता. म्हटलं, थांबा, तुम्हाला प्रात्यक्षिकच दाखवते.

मी त्यांच्याच ॲपमध्ये नवीन ठराव तयार केला. "सेक्रेटरींनी रोज सकाळी गच्चीवर बसून बोंबलांवरचे कावळे हाकलावेत." सही फक्त एकाच सभासदाची लागणार, त्यांची. या घराचं दुसरं नाव तेच होतं, सेक्रेटरी म्हणून त्यांचं खातं वेगळं होतं. मुदत ठेवली चहा उकळेपर्यंतची. त्यांचा फोन टेबलाच्या मधोमध पालथा ठेवला आणि सांगितलं, आता हात लावायचा नाही. बाबा हात मांडीवर ठेवून बसले. मनातून त्यांनाही मजा वाटत असावी, कारण ते मध्येच फोनकडे डोळा बारीक करून बघत होते. आई बोंबलांची टोपली घेऊन खाली आली होती आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. चहा उकळला. मी स्क्रीन रिफ्रेश केली.

बाबांच्या नावापुढे हिरवी खूण आली होती.

"मंजूर?" आईने दारातून विचारलं.

मी हसले, पण बाबा हसले नाहीत. ते हिरव्या खुणेकडे बघत राहिले. बिनसहीचा चेक त्यांनी उभ्या आयुष्यात पास केला नव्हता, आणि आता एका झटक्यात निम्म्या बिल्डिंगचे पास केले होते, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरायला वेळ लागत होता. मग त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. मला ती येताना दिसली, कारण त्यांचा चेहरा पडला. ते आईकडे वळून म्हणाले, "म्हणजे तू केली नव्हतीस." ते म्हणाले, मग मी गजरा दिला तेव्हा गप्प का राहिलीस, मला सांगायचं तरी. तेव्हा आई म्हणाली की मना वाटला तुमीच केली.

बाबा खुर्चीत होते म्हणून बरं. मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "मी? मी तुझी सही करीन?"

आईने टोपली खाली ठेवली. ती चिडलेली नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. "तुमी इतकी वर्षं विचारता, विरोध न्हाय ना, विरोध न्हाय ना. करू का, असा एकदा तरी विचारलात? मी हो कवा बोललंय, ते तुमाना ठाव हाय का?"

बाबा आठवत बसले. मला वाटतं, एखादा तरी 'हो' सापडतोय का ते शोधत होते. शेवटी उठले, चहाचा स्वतःचा कप स्वतः विसळला आणि जिन्यावरची 'ठराव मंजूर' ही नोटीस काढायला गेले. चपला घालायला विसरले होते.

मी ॲपवाल्यांना कळवलं, पुराव्यासकट. आधी त्यांचं उत्तर आलं की आमची प्रणाली पूर्णपणे सुरक्षित आहे. मी दिवंगत आजोबांच्या सहीबद्दल विचारल्यावर सूर बदलला. त्यांनी लायब्ररीची नवी आवृत्ती घातली, आणि शून्यं भरायचंही बंद केलं. ग्राहकांना कळवताना लिहिलं, काही किरकोळ सुधारणा करण्यात आल्या आहेत. ती 'किरकोळ' चूक आमची अख्खी गच्ची घेऊन जाणार होती, पण असू दे.

सभा पुन्हा झाली. सोमवारचं काम थांबवलं होतं, अँगल जिन्याखालीच पडून होते आणि येणारा-जाणारा त्यांना ठेचकाळून बाबांच्या नावाने बोटं मोडत होता. या वेळी बाबांनी आपली पद्धत बदलली. ते प्रत्येकाचं नाव घेऊन विचारू लागले, हो की नाही? लोकांना सवय नव्हती. कुणी म्हणालं, तुम्ही ठरवाल ते. बाबा म्हणाले, तसं नाही, हो की नाही? समोसे आले, बाबांनी हाताने थांबवले, आणि ते दारातच गार झाले. आमच्या सोसायटीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

आईची पाळी आली. बाबांनी इतरांसारखंच तिचं नाव घेतलं. आई उभी राहिली, पदर खोचला आणि खणखणीत म्हणाली, "न्हाय."

ती एवढंच बोलून बसली. तिचा आवाज सभेत पहिल्यांदाच ऐकू आला होता, आणि काही जणांना सेक्रेटरींच्या बायकोला बोलता येतं हेही तेव्हाच कळलं असावं. पुढचं नाव बेनचं होतं. ॲपवर जी निम्मी माणसं खरी सही करून मोकळी झाली होती, त्यांत बेन होती. तिची सही मी स्वतः बघितली होती, दोन लांबलचक आकडे. ती आईकडे न बघता म्हणाली, "रसोडे में पानी टपकता है, ताई. क्या करूँ?" आणि तिचे डोळे भरले.

आई म्हणाली, रडतीस कशाला, पत्रा तुझ्या रसोड्यावर घाल, माझ्या बोंबलांवर कशाला? एवढी साधी गोष्ट आम्ही कुणीच मांडली नव्हती, कारण ठराव अख्ख्या गच्चीचा होता आणि त्यावर फक्त विरोध आहे का, एवढंच विचारलं होतं. बेनचं स्वयंपाकघर पश्चिमेच्या भागाखाली येतं. पत्रा तेवढ्याच भागावर घालायचा, पूर्वेची बाजू उघडी ठेवायची. मग पापड कुठे वाळवायचे? ते आईच्या बाजूला, वाऱ्याच्या अंगाला, आणि बोंबील त्यांच्या पलीकडे, कठड्याला लागून. जागा कमी पडणार होती. बेनने विचारलं, ताई, सच में चलेगा? आई म्हणाली, चलेगा, पण तुझा पापड माझ्या दोरीला लागला तर मग तू जाणे.

अर्ध्या पत्र्याचा ठराव ॲपवर पुन्हा सगळ्यांच्या सहीसाठी गेला. या वेळी मुदत संपली तेव्हा दोन घरांपुढे खूण नव्हती, सुरतवाल्यांच्या आणि आजोबांच्या. बाबांनी त्या दोन रिकाम्या जागा मला कौतुकाने दाखवल्या.

पत्रा पडला आणि मामाला बोंबील पाठवायचा निरोप गेला. मग नवीनच पीडा उभी राहिली. पत्र्याची कड बरोबर बोंबलांच्या डोक्यावर आली होती आणि सगळ्या नवघरच्या कावळ्यांना बसायला ऐसपैस जागा मिळाली. पूर्वी बेनचा एक हात पुरायचा, आता दोघींनाही आवरेना.

पुढच्या रविवारी मी घरी गेले तर आई जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसली होती. तिने मला विचारलं, तू तो कावळ्यांचा ठराव केलेलास तो अजून हाय का? तो होता, मी काढून दिला. पण त्यावरची जुनी हिरवी खूण गेली होती. नवीन लायब्ररीने शून्यं परत पाठवली होती, काकांच्या चेकसारखी. आईने तो ठराव हळूहळू, एकेक शब्द जुळवत वाचला आणि फोन बाबांपुढे धरला.

"कावळे हाकलाल का?" तिने विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "न्हाय म्हणायचा असंल तर न्हाय म्हना."

बाबांनी चष्मा पुसला. पूर्ण ठराव शेवटपर्यंत वाचला, जणू त्यात कुठे बारीक अक्षरात आणखी काही दडलंय. मग आईकडे बघून म्हणाले, "हो." आणि सही केली.

सवयीने मी ते आकडे बघितले. लांबलचक होते, दोन्ही, आणि शून्य नव्हते. मी म्हटलं, खरी आहे. आईने फ्रिजच्या मागची काठी काढून बाबांच्या हातात दिली, आणि ते टोपी घालून गच्चीवर गेले.